ध्यानाआधीचा मेंदू

आठ आठवडे रोज अर्धा तास डोळे मिटून बसा, तुमच्या मेंदूची घडणच बदलेल, हे आश्वासन आता मराठी वाचकाला नवे राहिलेले नाही. आरोग्याच्या पुरवण्या, कंपन्यांतील कार्यशाळा, शाळांतील व्याख्याने, सगळीकडे ते ऐकू येते. त्याच्या मुळाशी एक खरा प्रयोग आहे. २०११ साली ब्रिटा होल्झेल, सारा लाझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये सोळा जणांच्या मेंदूचे एमआरआय चित्रण दोनदा केले. एकदा सजगतेच्या आठ आठवड्यांच्या वर्गाआधी आणि एकदा नंतर. ही माणसे घरी रोज सरासरी सत्तावीस मिनिटे सराव करत होती. वर्गाची वाट पाहणाऱ्या आणखी सतरा जणांशी त्यांची तुलना केली. शिकणे आणि आठवणे ज्यावर अवलंबून असते त्या हिप्पोकॅम्पस या भागाच्या डाव्या बाजूला आणि इतर काही ठिकाणी करड्या द्रव्याची घनता वाढलेली दिसली. मेंदूतील चेतापेशींची शरीरे आणि त्यांचे परस्परांशी होणारे जोड जिथे दाटीने असतात ते हे करडे द्रव्य. ते वाढले म्हणजे त्या जागी काहीतरी बांधकाम झाले, असा अर्थ लावला गेला. संशोधकांचे निष्कर्ष जपून मांडलेले होते. बातम्यांमध्ये ती जपणूक राहिली नाही.

मुळात मोठ्या माणसाचा मेंदू सरावाने बदलतो का? बदलतो, आणि याबद्दल आता फारसा वाद उरलेला नाही. लंडनमध्ये टॅक्सी चालवण्याचा परवाना हवा असेल तर शहरातील हजारो रस्ते तोंडपाठ असावे लागतात, आणि त्या तयारीला तीन-चार वर्षे जातात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली दाखवले की या चालकांच्या हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा असतो. मूळचाच मोठा भाग असलेली माणसे या धंद्यात शिरत असतील, अशी शंका कोणीही घेईल. म्हणून पुढे एकोणऐंशी उमेदवारांवर सुरुवातीपासून नजर ठेवली गेली. त्यातले एकोणचाळीस उत्तीर्ण झाले, आणि वाढ फक्त त्यांच्यात दिसली. जर्मनीत २००४ साली तरुणांना तीन चेंडू हवेत झेलत ठेवण्याची कसरत तीन महिने शिकवली, तेव्हा हालचाल टिपणारा मेंदूचा भाग वाढला. सराव सोडल्यावर तो पुन्हा ओसरू लागला. आपल्याला सगळ्यात जवळचा प्रयोग लखनौजवळच्या खेड्यांत झाला आणि २०१७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना अक्षर माहीत नव्हते अशा प्रौढांना, ज्यांत बहुतेक बायका होत्या, सहा महिने देवनागरी वाचायला शिकवले. दृष्टीशी संबंधित जुने, खोलवरचे भाग आणि मेंदूचा बाह्यस्तर यांच्यातला संवाद त्यांच्यात घट्ट झाला. हा बदल रचनेचा नव्हता, कामकाजाचा होता, हे सांगायला हवे. तरीही तिशीतल्या बाईने हातात पाटी घेतल्यावर तिच्या मेंदूच्या खोल भागांपर्यंत फरक पोचतो, ही गोष्ट मला ध्यानाच्या कुठल्याही बातमीइतकीच महत्त्वाची वाटते.

मग ध्यानाचे काय? या प्रश्नाचे एक टोक महाराष्ट्रात आहे. लोणावळ्याच्या कैवल्यधामात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ पासून योगाभ्यासाच्या परिणामांवर प्रयोगशाळेतली उपकरणे लावली. अनुभवाला मोजमापाची जोड देण्याचा तो जगातल्या पहिल्या प्रयत्नांपैकी एक होता. दुसरे नाव इगतपुरीचे. म्यानमारमध्ये वाढलेले सत्यनारायण गोएंका १९६९ साली भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांची विपश्यना शिबिरे सुरू झाली. आधी तीन दिवस नुसता श्वास पाहायचा, म्हणजे आनापान, आणि मग शरीरभर उठणाऱ्या संवेदना तटस्थपणे पाहायच्या, अशी ती पद्धत. १९७९ मध्ये जॉन कबात-झिन यांनी मॅसॅच्युसेट्सच्या एका सरकारी रुग्णालयात जुन्या दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा वर्ग सुरू केला. त्याचे धागेही बौद्ध ध्यानपरंपरेकडेच जातात. धार्मिक चौकट बाजूला ठेवून त्यांनी जे शिकवले तेच आज जगभर सजगता या नावाने ओळखले जाते. लाझर यांनी २००५ साली याच परंपरेतल्या वीस अनुभवी साधकांचे चित्रण केले आणि त्यांच्या मेंदूच्या बाह्यस्तराचे काही भाग इतरांपेक्षा जाड असल्याचे नोंदवले. त्यात शरीराच्या आतल्या जाणिवा टिपणारा इन्सुला हा भागही होता. तीन वर्षांनी होल्झेल यांना विपश्यना साधकांमध्ये इन्सुला आणि हिप्पोकॅम्पस या दोन्ही ठिकाणी फरक दिसला. श्वास आणि संवेदना यांच्याकडे वर्षानुवर्षे लक्ष देणाऱ्या माणसांत शरीराची जाणीव ठेवणारा भाग वेगळा दिसावा, हे पटण्यासारखेही होते.

पटण्यासारखे असते तेव्हाच जास्त तपासावे लागते. साधक आणि बिनसाधक यांची एकदाच तुलना केली तर फरक साधनेमुळे पडला की आधीपासूनच होता, हे कळत नाही. दहा दिवस मौनात बसण्याची तयारी असलेला माणूस खाणे, झोप, व्यसने, शिक्षण अशा अनेक बाबतींत इतरांपेक्षा वेगळा असू शकतो. नमुने वीस-पंचवीस जणांचे आणि तपासायचे भाग शेकडो, अशा गणितात कुठे ना कुठे योगायोगाने फरक निघतोच. त्याहून सूक्ष्म अडचण यंत्राची आहे. एमआरआय पेशी मोजत नाही. ऊतींतून येणाऱ्या संकेतांवरून तो त्यांच्या जाडीचा अंदाज करतो, आणि तेवढ्या वेळात डोके किंचित जरी हलले तरी हललेल्या हाताने काढलेल्या फोटोसारखे चित्र पुसट होते. अशा चित्रात करडे द्रव्य प्रत्यक्षाहून कमी मोजले जाते, हे २०१५ साली पद्धतशीरपणे दाखवण्यात आले. आता ज्याने स्थिर बसण्याचाच सराव केला आहे तो माणूस एमआरआयच्या नळीतही स्थिर पडून राहणार. त्याचा मेंदू जाड दिसण्यामागे एवढेच कारण असू शकेल, हा विचार मनात ठेवूनच जुने निष्कर्ष वाचायला हवेत.

कसोटीचा प्रयोग २०२२ साली आला. विस्कॉन्सिन विद्यापीठातील रिचर्ड डेव्हिडसन यांच्या केंद्राने दोन चाचण्यांची माहिती एकत्र केली. एकूण २१८ माणसे, आणि कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकून ठरलेले. काहींना आठ आठवड्यांचा सजगतेचा वर्ग मिळाला. काहींना तेवढ्याच वेळाचा, तेवढ्याच मायेने घेतलेला व्यायाम, आहार आणि संगीताचा वर्ग, तर काही नुसतेच वाट पाहत राहिले. करड्या द्रव्याचे आकारमान, घनता, बाह्यस्तराची जाडी, कशातच सजगतेच्या गटाचा वेगळा बदल आढळला नाही. २०११ च्या प्रयोगात जे भाग वाढले होते तेही या वेळी जागचे हलले नाहीत. डेव्हिडसन हे ध्यानाचे टीकाकार नव्हेत. १९७० च्या दशकात ते स्वतः भारतात येऊन गोएंकांच्या शिबिरात बसले होते, आणि तिबेटी भिक्षूंच्या मेंदूचा अभ्यास करण्यात त्यांनी कित्येक वर्षे घातली. आपल्या आवडत्या कल्पनेच्या विरोधात गेलेला निकाल त्यांच्या चमूने शीर्षकातच स्पष्टपणे छापला, याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. पहिल्या प्रयोगाची बातमी ज्या ठळक अक्षरांत आली, त्या अक्षरांत हा निकाल मात्र आपल्यापर्यंत पोचला नाही.

साधक यावर म्हणतील की आठ आठवडे म्हणजे काय साधना झाली? हा आक्षेप रास्त आहे. टॅक्सीवाल्याला तीन-चार वर्षे लागतात, तर पंचवीस-तीस तासांच्या बसण्याने मेंदूची वीट हलावी ही अपेक्षाच चुकीची होती. जर्मनीत तानिया सिंगर यांनी केलेल्या मोठ्या प्रयोगात नऊ महिने तीन वेगवेगळे सराव दिले गेले. एकात लक्ष स्थिर करणे, दुसऱ्यात करुणा जोपासणे, तिसऱ्यात दुसऱ्याच्या जागी उभे राहून विचार करणे. प्रत्येक सरावानंतर बाह्यस्तराच्या वेगवेगळ्या भागांत बदल दिसल्याचे त्यांनी २०१७ साली मांडले. म्हणजे दीर्घ, रोजच्या, मन लावून केलेल्या साधनेने रचना बदलणे शक्य दिसते. पण मग साधकांनीच आठ आठवड्यांची जाहिरात थांबवायला हवी. दीर्घ साधनेचा पुरावा पुढे करून छोट्या वर्गाची फी घ्यायची, हे विज्ञानालाही धरून नाही आणि परंपरेलाही नाही.

दुसरे काही वाचक उलट टोकाला जातील. मेंदू बदलत नाही, म्हणजे सगळे थोतांड, असे त्यांना वाटेल. तेही खरे नाही. २०१४ साली सत्तेचाळीस चाचण्यांतील साडेतीन हजार लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यात सजगतेच्या सरावाने चिंता, नैराश्य आणि वेदना थोड्या ते मध्यम प्रमाणात कमी होतात असे निघाले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका चाचणीत चिंतेच्या विकारावर आठ आठवड्यांचा हा वर्ग एका नेहमीच्या औषधाच्या तोडीस तोड ठरला. यासाठी करडे द्रव्य जाड व्हायला लागत नाही. रागाच्या भरात तोंडातून शब्द बाहेर पडण्याआधी श्वासाकडे लक्ष जाणे ही सवय आहे, आणि सवयी बहुधा मेंदूतल्या जोडण्यांच्या जोरात सामावलेल्या असतात. तो फरक एमआरआयच्या नजरेला पडेल इतका ढोबळ नसतो. मनःस्वास्थ्याला मोल येण्यासाठी मेंदूचे छायाचित्र पुरावा म्हणून जोडावे लागते, ही समजूत मला आपल्या काळाची एक दुर्बलता वाटते. ज्याला झोप लागू लागली त्याला झोप लागली, एवढे पुरेसे असायला हवे. सगळ्यांनाच ध्यान मानवते असेही नाही. दीर्घ मौन शिबिरांत काहींची भीती आणि अस्वस्थता वाढते. शिबिरात बसवण्याआधी मनोविकारांची चौकशी करतात ती त्यासाठीच.

इथपर्यंतचा विचार शहरातल्या प्रौढ वाचकाला धरून झाला. पण मेंदूची रचना हाच जर आपल्या आस्थेचा विषय असेल, तर इगतपुरीहून नजर वायव्येला वळवायला हवी. धम्मगिरीपासून सरळ रेषेत चाळीस किलोमीटरच्या आत मोखाडा आहे, आणि त्यापलीकडे जव्हार. वैतरणेचे पाणी या भागातून मुंबईला जाते. मुंबईच्या नळांना पाणी देणारे मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यातच आहे, आणि उन्हाळ्यात तिथल्याच पाड्यांवर बायका हंडे घेऊन विहिरी गाठतात. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी हे नाव १९९२-९३ मध्ये सगळ्या महाराष्ट्राला कळले, कारण तिथली लहान मुले कुपोषण आणि त्याच्या पाठोपाठ आलेल्या आजारांनी दगावली. त्यानंतर जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचे कार्यालय आले, योजना आल्या, आणि २०१४ मध्ये पालघर हा वेगळा जिल्हाही झाला. तरी २०१६ साली मोखाड्यातल्या बालमृत्यूंच्या बातम्या पुन्हा आल्या, आणि उच्च न्यायालयाला सरकारला जाब विचारावा लागला. या बातम्यांत आपण मेलेली मुले मोजतो. वाचलेल्या मुलांच्या मेंदूचे काय होते, हा प्रश्न बातमीत बसत नाही. सजगतेने मेंदू बदलतो का यापेक्षा तो कितीतरी मोठा आहे.

जन्मावेळी मेंदूचे वजन प्रौढ मेंदूच्या साधारण पाव असते. दोन वर्षांचे होईपर्यंत ते तीन चतुर्थांशांच्या आसपास पोचते. आयुष्यात पुन्हा कधीही इतक्या वेगाने बांधकाम होत नाही. या काळात पेशींमध्ये नवे जोड फुटतात आणि चेतातंतूंवर मेदाचे आवरण चढते, ज्यामुळे संदेश झपाट्याने धावतात. त्या आवरणाला लोह लागते, मेद लागतो. आयोडीन नसेल तर गर्भातच वाढ खुंटते. तान्ह्या बाळाच्या शरीरात जाणाऱ्या ऊर्जेतला अर्ध्याहून मोठा वाटा एकटा मेंदू खातो. आई स्वतः रक्तक्षयी असेल, बाळंतपणाआधीपर्यंत लावणीत उभी असेल, सहा महिन्यांनंतर बाळाला नागलीची पातळ पेज तेवढी मिळत असेल आणि अधूनमधून जुलाब-ताप होत असेल, तर शरीर उंचीवर, वजनावर आणि शेवटी मेंदूवर काटकसर करते. ढाक्याच्या गरीब वस्तीतल्या मुलांच्या अभ्यासात वाढ खुंटलेल्या बालकांच्या मेंदूतील विद्युतलहरींचे जोड वेगळे आढळले, आणि त्याचा संबंध पुढच्या बुद्धिचाचण्यांशीही दिसला.

इथे ध्यानाशी थेट गाठ पडते, कारण कुपोषणाचा सगळ्यात चिवट घाव लक्षावर बसतो. वेस्ट इंडीजमधल्या बार्बाडोस बेटावर जेनिन गॅलर यांनी पहिल्या वर्षात गंभीर कुपोषणाने रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांचा माग कित्येक दशके काढला. ती मुले नंतर नीट जेवली, उंचीने-वजनाने बरीचशी सावरली, त्याच शाळांत शिकली. तरी वर्गात लक्ष न टिकण्याच्या तक्रारी त्यांच्यात बरोबरच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त होत्या, आणि चाळिशीत पोचल्यावरही चाचण्यांत तोच फरक दिसला. ध्यान म्हणजे लक्षाचे प्रशिक्षण. म्हणजे आपण प्रौढपणी जी गोष्ट शिबिरात जाऊन कमावू पाहतो, ती पहिल्या दोन वर्षांत भुकेमुळे गमावली जाते. कमावल्याचा पुरावा अजून अर्धवट आहे. गमावल्याचा पुरावा भक्कम आहे. माझे म्हणणे एवढ्यावर उभे आहे: मेंदूच्या रचनेच्या नावाने समाज पैसा आणि कळकळ खर्च करणार असेल, तर त्याचा पहिला हक्क वावरच्या अंगणवाडीचा आहे.

यावर कोणी म्हणेल, मग अंडे द्या, दूध द्या, प्रश्न संपला. पुरावा इतका सरळ नाही, आणि तो आहे तसाच सांगायला हवा. जमैकात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी १९८० च्या दशकात वाढ खुंटलेल्या १२९ लहान मुलांचे चार गट केले. एकाला दुधाची पूरक पावडर दिली. दुसऱ्याकडे दोन वर्षे दर आठवड्याला एक आरोग्यसेविका घरी जाई आणि आईला बाळाशी खेळायला, बोलायला, घरातल्याच डब्या-झाकणांची खेळणी करायला शिकवी. तिसऱ्याला दोन्ही मिळाले, चौथ्याला काहीच नाही. वीस वर्षांनी पाहिले तेव्हा खेळाच्या गटातली मुले मोठी होऊन सुमारे पंचवीस टक्के जास्त कमावत होती. नुसत्या पावडरीचा फायदा इतका टिकलेला दिसला नाही. पण यावरून अन्न गौण ठरत नाही. या मुलांना पूरक आहार मिळायला लागला तेव्हा ती नऊ महिन्यांची किंवा त्याहून मोठी होती, आणि घाव आधीच बसलेला होता. यातून निघते ते असे की अन्न मेंदूला सामान पुरवते, पण बांधकाम चालू राहते ते कोणीतरी बाळाकडे बघून बोलल्याने. रुमानियात अनाथालयातल्या मुलांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकून कुटुंबांत ठेवले गेले. आठ-दहा वर्षांची झाल्यावर एमआरआय केले, तेव्हा संस्थेतच राहिलेल्या मुलांचे श्वेत द्रव्य, म्हणजे जोडणाऱ्या तंतूंचा भाग, कमी होते. कुटुंबात गेलेल्यांचे ते कधीच संस्थेत न राहिलेल्या मुलांच्या जवळ पोचले होते. रचनेतला बदल शोधायचा असेल तर तो इथे सापडतो, मोठा आणि चिठ्ठ्या टाकून पारखलेला.

आता जव्हार-मोखाड्याच्या वर्षाकडे या नजरेने पाहावे. भात, नागली, वरई निघाली की दिवाळीनंतर घरेच्या घरे भिवंडी, वसई, ठाण्याकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात, ती पावसाच्या तोंडाशी परत येतात. पाड्यावरच्या अंगणवाडीत नाव असलेले बाळ या सहा महिन्यांत भट्टीवर असते. तिथे वजनकाटा नसतो, सेविका नसते, आणि आई दिवसभर विटा थापत असते. डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक वेळचा चौरस आहार, आणि पुढे सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून चार दिवस अंडी किंवा केळी देण्याची तरतूद झाली. योजना चांगलीच आहे. ती गावाला बांधलेली आहे आणि कुटुंब गावात नाही, हे तिचे दुखणे आहे. बाळाला सांभाळते ती पाच-सात वर्षांची बहीण, जिचे स्वतःचे खेळण्याचे वय आहे. त्या दोघांशी दिवसातून अर्धा तास बोलणारे, गाणी म्हणणारे मोठे माणूस भट्टीवर कोण असते, हा मेंदूच्या रचनेचा प्रश्न आहे. तो कामगार खात्याकडे आणि महिला-बालविकासाकडे जितका जातो तितकाच शास्त्राकडेही जातो.

या मांडणीला एक गंभीर हरकत आहे आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. वारली, कोकणा, कातकरी, ठाकर मुलांचे मेंदूच कच्चे आहेत, असा शिक्का यातून बसणार नाही का? बसू शकतो, आणि तो बसवणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. म्हणून स्पष्ट म्हणावे लागते की वरचे सगळे आकडे सरासरीचे आहेत आणि त्यांचे कारण भूक आहे, जात किंवा जमात नाही. बार्बाडोसमधली दोन्ही बाजूंची मुले एकाच समाजातली होती. शिवाय दारे एकदम बंद होत नाहीत. लखनौजवळच्या बायकांनी तिशीत अक्षर गिरवले तरी मेंदूने साथ दिली. पहिल्या दोन वर्षांत घाव सगळ्यात खोल बसतो आणि तेव्हाच तो सगळ्यात स्वस्तात टाळता येतो, इतकेच शास्त्र सांगते. सात वर्षांच्या मुलाला सोडून द्या असे ते सांगत नाही.

मग शाळेतल्या ध्यानाचे काय करावे? महाराष्ट्रात शालेय शिक्षण विभागाने विपश्यना विशोधन विन्यासाबरोबर ‘मित्र उपक्रम’ या नावाने शाळांत आनापान नेले आहे. रोज काही मिनिटे श्वासाकडे पाहायचे. त्याला काही खर्च नाही, मग अन्नाशी त्याची स्पर्धा का लावता, असे विचारले जाईल. स्पर्धा पैशाची नाही, हे मान्य. स्पर्धा अपेक्षेची आहे. उपाशी मूल वर्गात पेंगते तेव्हा त्याला एकाग्रता शिकवायला हवी असे निदान झाले, तर पेंगण्याचे कारण शोधण्याची गरज संपते आणि दोष मुलाच्या मनाकडे जातो. त्यातही शाळांमधल्या सजगतेचा पुरावा माफक आहे. ब्रिटनमध्ये ऐंशीहून अधिक शाळांत, आठ हजारांवर मुलांवर झालेल्या चाचणीचा निकाल २०२२ साली आला. नेहमीच्या भावनिक-सामाजिक शिक्षणापेक्षा सजगतेच्या तासांनी मुलांचे मनःस्वास्थ्य सुधारले नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. आश्रमशाळेतले जग ब्रिटनहून निराळे आहे. घरापासून दूर, शंभर मुलांच्या खोलीत झोपणाऱ्या दहा वर्षांच्या मुलीला दहा मिनिटांची शांतता कदाचित खरोखर हवीच असेल. म्हणून ती काढून घ्या असे मी म्हणणार नाही.

मनाच्या प्रशिक्षणाची जागा या प्रदेशात मला मुलांपेक्षा त्यांच्या भोवतीच्या मोठ्यांमध्ये जास्त दिसते, आणि याचा आधार गोव्यात आहे. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्यात बाळंतिणींचा अभ्यास केला आणि २००३ साली दाखवले की प्रसूतीनंतर नैराश्यात गेलेल्या आयांची बाळे सहा महिन्यांत वजनाने आणि उंचीने मागे पडतात, आणि मानसिक वाढीतही मागे राहतात. आईचे मन बुडाले की बाळाकडे बघून बोलणे थांबते, दूध पाजणे विस्कळीत होते, आजारपण वेळेवर लक्षात येत नाही. म्हणजे मन आणि कुपोषण या दोन खात्यांच्या दोन फायली नाहीत. पाकिस्तानात रावळपिंडीजवळ गावातल्या आरोग्यसेविकांना अशा आयांशी कसे बोलावे याचे साधे प्रशिक्षण दिले, तेव्हा नैराश्य निम्म्याहून कमी झाले. बाळांची उंची मात्र त्याने लक्षणीय वाढली नाही, हे सांगितल्याशिवाय ती गोष्ट पुरी होत नाही. गोव्यातही ‘संगत’ संस्थेने शेजारपाजारच्या बायकांकरवी ही पद्धत वापरून पाहिली. इथे सिद्ध झालेले साधन संवाद आहे, ध्यान नाही. पण चिंता आणि नैराश्य यांवर सजगतेचा जो थोडा ते मध्यम परिणाम दिसला आहे तो खरा असेल, तर त्याचा उपयोग सर्वांत आधी व्हावा त्या माणसांत पाड्यापाड्यांवर वजनकाटा घेऊन फिरणारी, महिनोन्‌महिने मानधनाची वाट पाहणारी आणि बाळ दगावले की पहिला जाब जिला विचारला जातो ती अंगणवाडी सेविका येते.

यातले बरेच काही इथेच तपासता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी जव्हारला एमआरआयचे यंत्र आणण्याची गरज नाही. आश्रमशाळांपैकी निम्म्यांत, चिठ्ठ्या टाकून, आनापान या वर्षी सुरू करावे आणि उरलेल्यांत पुढच्या वर्षी. दोन्हीकडे मुलांचे हिमोग्लोबिन, हजेरी, झोप आणि लक्षाच्या सोप्या चाचण्या वर्षाच्या आरंभी आणि अखेरीस घ्याव्यात. तशीच विभागणी करून काही पाड्यांवर सेविकांना आयांबरोबर खेळाचा आठवड्याचा तास शिकवावा, आणि ते कुटुंब भट्टीवर गेले की त्याचे नाव भिवंडी-वसईच्या अंगणवाडीच्या पटावर त्याच आठवड्यात चढेल अशी सोय करावी. पाच वर्षांनी कोणती मुले वर्गात टिकली ते दिसेल, आणि ‘ध्यानाने मेंदू बदलतो’ या वाक्याचे या मातीत काय उरते तेही. इगतपुरीकडे माणसे आणि पद्धत आहे, आदिवासी विकास विभागाकडे शाळा आहेत, गोव्याकडे आयांशी बोलण्याचा अनुभव आहे. तिघांना एका टेबलाशी बसवायला जव्हारचे अपर जिल्हाधिकारी कार्यालय पुरेसे आहे, आणि ते वावर-वांगणीच्या मुलांमुळेच तिथे उभे राहिले.